माहिती आमची, कुलूप तुमचं!

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी दोन मुली दारात आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काकू, सर्वेक्षण आहे, अर्धाच तास लागेल." उन्हातून आलेल्या लेकी, म्हटलं बसा. चहा टाकला आणि उत्तरं देत बसले. लग्न कितव्या वर्षी झालं, बाळंतपणं किती, कुठं झाली, अंगावर किती दिवस पाजलं... मग एकीने मान खाली घालून विचारलं, "एखादं मूल जन्मून गेलंय का, काकू?"

गेलंय. दुसरा मुलगा, अकरा महिन्यांचा. आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही. पण त्या परक्या मुलीला मी सगळं सांगितलं. ताप कधी आला, गाडी किती वेळाने मिळाली, सगळं. तिने टॅबवर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न विचारला. जाताना म्हणाली, "तुमच्या माहितीचा खूप उपयोग होईल बरं का."

कुणाला झाला, काय झाला, ते आजतागायत कळलं नाही.

हे सगळं परवा पुन्हा वर आलं. माझी भाची एका खासगी कॉलेजात नर्सिंग शिकते. खेड्यातल्या बालमृत्यूंवर तिला प्रकल्प लिहायचा होता. मोबाइलवर एक शोधनिबंध सापडला. "मावशी, बघ ना, नुसता सारांश दिसतोय. पुढचं वाचायचं तर पस्तीस डॉलर भरा म्हणतात." म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये! एका लेखाचे! पोरीने मुकाट्याने मोबाइल खाली ठेवला.

मी तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा हा व्यवहार समजला. संशोधनाला पैसा बहुतेक वेळा सरकारचा, म्हणजे आपल्याच कराचा. लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला नियतकालिक मानधन देत नाही. तो लेख तपासणारे दुसरे शास्त्रज्ञ, तेही सहसा फुकटच तपासतात. आणि छापून झाला की तोच लेख प्रकाशक ग्रंथालयांना विकतो. बचत गटाच्या बायकांनीच पापड लाटायचे, त्यांनीच पारखायचे आणि दुकानदाराने पुन्हा त्यांनाच दामदुप्पट किमतीला विकायचे, तशातली गत!

याविरुद्ध जगभरातले अभ्यासक बोलू लागले, त्यालाही आता वीस वर्षांवर झाली. २००२ साली बुडापेस्ट इथून एक जाहीरनामा निघाला. संशोधन इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता यावं, हे त्याचं म्हणणं. त्याला 'मुक्त प्रवेश' म्हणतात. यात एक मेख आहे. वाचणाऱ्याला फुकट द्यायचं म्हणून कित्येक नियतकालिकं लिहिणाऱ्याकडूनच भरमसाट शुल्क घेतात. पण दोघांकडूनही पैसे न घेणारी नियतकालिकंही आहेत.

लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावांतल्या बायकांना, त्यातल्या कित्येक शाळेची पायरीही न चढलेल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. या कामाने लहान मुलं खरोखर वाचली का, याचा अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये छापून आला. पहिला महिना पार केलेल्या बाळांचा पाच वर्षांच्या आत दगावण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांमध्ये सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. हा लेख आजही कुणीही, एक पैसा न भरता वाचू शकतं. भाचीला तो दाखवला तेव्हा तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "हे तर आपलंच जामखेड!"

सरकारनेही एक पाऊल उचललंय. 'एक देश, एक वर्गणी' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये. त्यातून सुमारे ६,३०० सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना जवळपास १३,००० नियतकालिकं वाचायला मिळावीत, असं ठरलं. चांगलंच आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलाला त्याचा फायदा होवो. पण योजना आखली गेली ती सरकारी संस्थांसाठी. खासगी कॉलेजातली माझी भाची, आमच्या गल्लीतली आशाताई आणि मी, आम्ही कुंपणाबाहेरच. कुलपाची किल्ली काही जणांना वाटली, कुलूप काही निघालं नाही.

आता दुसरी बाजूही सांगते. अभ्यासक म्हणतात, नुसते लेख नको, जमवलेली मूळ माहितीही सगळ्यांसाठी खुली करा. म्हणजे दुसऱ्यांना ती पडताळता येईल, आणि तेच प्रश्न विचारायला पुन्हा पुन्हा कुणाच्या दारात जावं लागणार नाही. मला पटतं. पण जरा जपून! नुसतं नाव खोडून भागत नाही. गाव, वय, बाळंतपणं, गेलेलं मूल एवढं एका ओळीत लिहिलं, की गावातलं शेंबडं पोरही ओळखेल ही बाई कोण. दवाखान्याची चूक असो की घरच्यांची, विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर येता कामा नये. निष्कर्ष सगळ्यांना खुला, आणि बाईची ओळख पक्की झाकलेली, असंच हवं.

आणि भाषेचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आपल्या जिल्ह्याची आकडेवारी फुकट मिळते, पण इंग्रजीत. गडचिरोलीच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं त्यांनी १९८९ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये मांडलं आणि जग हललं. पण राणीताई तिथेच थांबल्या नाहीत. 'कानोसा' हे पुस्तक त्यांनी मराठीत दिलं. बायकांकडून घेतलेलं बायकांच्याच भाषेत परत केलं. हे सगळ्यांनी का करू नये? सर्वेक्षण संपल्यावर मराठीतलं एक पान, ग्रामसभेत किंवा अंगणवाडीत वाचून दाखवायला किती खर्च येतो?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी अशा मुली दारात आल्या तर त्यांना हाकलू नका. पाणी द्या, चहा द्या. पण उत्तरं देण्याआधी दोन प्रश्न आपणही विचारूया. "माझी ओळख कशी झाकणार?" आणि "निकाल मला कुठं वाचायला मिळेल?" उत्तर पटलं नाही, तर नाही म्हणायचा हक्क आपला आहे.

माझं अकरा महिन्यांचं लेकरू कुठल्या तरी तक्त्यात एक आकडा होऊन बसलं असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या आकड्यामुळे दुसरीचं वाचत असेल, तर तो खुशाल तिथं राहू दे. फक्त तो तक्ता मला एकदा बघू द्या.