नोबिताचे खोटे आणि दुकानातील खरे

जव्हार-मोखाडा परिसरात बोहाड्याची रात्र रंगते, तेव्हा मशालींच्या उजेडात आणि संबळाच्या ठेक्यावर देवदेवतांची व राक्षसांची सोंगे एकामागून एक अंगणात उतरतात. रावणाच्या भव्य मुखवट्यामागे गावातलाच कोणी ओळखीचा माणूस आहे, हे समोर बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही मुखवटा जवळ आला की ते आईच्या पदराआड दडते आणि पुढे गेला की खुदकन हसते. येथे कोणी कोणाला फसवलेले नसते. सोंग हे सोंग म्हणूनच समोर आलेले असते. कल्पित गोष्ट आणि खोटी गोष्ट यांतील हा भेद मुलांना फार लवकर कळतो. मोठ्यांनाच तो कधीकधी नव्याने आठवावा लागतो.

आता मुलांपुढे आणखी एक सोंग आले आहे. जव्हार तालुक्यातील साखरशेतसारखे गाव असो, तालुक्याची बाजारपेठ असो किंवा मुंबई-पुण्यातील सदनिका असो, शाळा सुटली की दूरचित्रवाणीवर किंवा वडिलांच्या मोबाइलवर एक निळे मांजर अवतरते. डोरेमॉन हे त्याचे नाव. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणारे जपानी चित्रकथाकार हिरोशी फुजिमोतो यांनी १९६९ च्या अखेरीस मुलांच्या मासिकांतून ते प्रथम रंगवले. १९७९ पासून त्याची मालिका जपानमध्ये दाखवली जात आहे आणि भारतातील मुलांना ते २००५ पासून हिंदीतून भेटत आले आहे.

व्यापारी कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी या मालिकेकडे एकदा तरी लक्षपूर्वक पाहावे, असे तिचे मूळ कथाबीज आहे. नोबिता हा अभ्यासात मागे असलेला, आळशी आणि भित्रा मुलगा. तो मोठेपणी कंपनी काढतो, ती बुडते आणि तिच्या कर्जाचा डोंगर कित्येक पिढ्या उतरत नाही. त्या कर्जाने गांजलेला त्याचा एक वंशज बाविसाव्या शतकातून डोरेमॉनला मागे पाठवतो, ते नोबिताला वेळीच सुधारण्यासाठी. पोटावरच्या खिशातून निघणाऱ्या अजब वस्तूंची ही मौज मुळात एका बुडीत खात्यापासून सुरू होते. पूर्वजाने केलेल्या व्यवहाराचा भार नातवंडा-पतवंडांवर पडतो, ही गोष्ट पेढी चालवणाऱ्या घराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

असे असूनही पालकांची तक्रार असते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. नोबिता शून्य गुणांची उत्तरपत्रिका आईपासून लपवतो, गृहपाठ टाळण्यासाठी सबबी सांगतो आणि अडचणीत सापडला की मित्राच्या खिशाकडे धावतो. मुले हेच शिकणार नाहीत काय, हा प्रश्न आपल्याकडेच विचारला गेला असे नाही. बांगलादेशात मुले या मालिकेपायी हिंदी बोलू लागल्याची ओरड झाली आणि २०१३ मध्ये तिच्या हिंदी प्रसारणावर बंदी आली. २०१६ मध्ये पाकिस्तानातील पंजाब प्रांताच्या विधानसभेत बंदीची मागणी करणारा ठराव मांडला गेला. उलट जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये याच मांजराला आपला सांस्कृतिक दूत नेमले होते.

मोठ्यांचे मत असे टोकांना जात असताना लहान प्रेक्षक मात्र बारकाईने निवाडा करत असतात. नोबिताने उत्तरपत्रिका लपवली की मुले हसतात. ते खोटे भीतीपोटी आले आहे आणि शेवटी आईसमोर उघडे पडणारच आहे, हे त्यांना माहीत असते. सुनियो आपल्या श्रीमंतीच्या बढाया मारतो, तेव्हा मुलांना त्याची गंमत वाटते. दांडगट जियान मात्र इतरांची पुस्तके आणि खेळणी ‘उसनी’ म्हणून नेतो आणि परत देत नाही, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी उमटते. अंगावर आलेले संकट टाळण्यासाठी बोललेले खोटे आणि दुसऱ्याच्या विश्वासावर मारलेला डल्ला या दोहोंना मुले एकाच तराजूत तोलत नाहीत.

हा भेद सर्वांत स्पष्ट होतो तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटात आलेल्या कथेत. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जावे लागणार असते. आपल्यामागे या दुबळ्या मित्राचे कसे होणार, या काळजीने त्याचा पाय निघत नाही. नोबिताला हे उमगते. त्या रात्री जियानशी गाठ पडल्यावर तो प्रथमच मदतीसाठी हाक मारत नाही. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला धरतो आणि अखेर जियानच कंटाळून हार मानतो. आता तू निश्चिंत जा, एवढे मित्राला सांगता यावे म्हणून हा सारा खटाटोप असतो. एरवी सबबी सांगणारा हा मुलगा त्या रात्री बोलण्याऐवजी करून दाखवतो.

यानंतर येतो एप्रिलफूलचा दिवस. डोरेमॉन परत आल्याची थाप जियान मारतो आणि नोबिता आनंदाने वेडा होऊन धावत सुटतो. थाप उघडी पडते त्या क्षणी प्रेक्षकांतील मुलांचे हसू मावळते. जियानने याआधी नोबिताला कितीतरी वेळा बडवलेले असते आणि त्या माराची मुलांना सवय झालेली असते. ही थाप मात्र त्यांना सहन होत नाही. तिने नोबिताच्या आशेलाच हात घातलेला असतो. मित्राने जाताना ठेवलेल्या पेटीतून नोबिताला एक द्रव मिळतो. तो प्यायल्यावर जे बोलावे त्याच्या उलट घडते. तो त्याचा उपयोग सूड घेण्यासाठी करतो. सूड मिळतो, समाधान मिळत नाही. आता डोरेमॉन कधीच येणार नाही, असे तो खिन्नपणे बोलून जातो आणि द्रवाच्या गुणामुळे तो मित्र खरोखरच परततो. जिभेवर उलटे शब्द आणि डोळ्यांत खरे अश्रू, असे ते पुनर्मीलन आहे. शब्द आणि सत्य यांचे नाते किती खोल असते, हे येथे लहान मूलही ओळखते.

मालिकेतील आणखी एक कथा मराठी घरांना ओळखीची वाटेल. नदीत कुऱ्हाड पडलेल्या प्रामाणिक लाकूडतोड्याची इसापाची गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. डोरेमॉनकडेही तसे एक तळे आहे. जुनी वस्तू पाण्यात पडली की देवी वर येते, नवी वस्तू दाखवून हीच का म्हणून विचारते आणि खरे सांगणाऱ्याला नवी वस्तू देऊन टाकते. एकदा जियानच त्या तळ्यात पडतो. देवी एक देखणा, सुशील जियान दाखवते. आमचा मित्र असा नाही, असे नोबिता आणि डोरेमॉन प्रामाणिकपणे सांगतात. बक्षीस म्हणून देवी तो सुशील जियान त्यांच्या हवाली करते आणि खरा जियान पाण्यात ओढला जातो. जपानी प्रेक्षकांना हा ‘सुंदर जियान’ इतका भावला की कावासाकी येथील फुजिको संग्रहालयात हातपंप मारताच तो पाण्यातून वर येतो.

मुले या कथेला खळखळून हसतात, पण हसून झाल्यावर आपला जियान परत मिळावा, असे त्यांना वाटत राहते. त्या वाटण्यात मोठा विचार दडला आहे. प्रामाणिक राहिले की धंदा वाढतो, नाव होते, बरकत येते, असे मुलांना सांगितले जाते. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. बक्षिसासाठी सांभाळलेला खरेपणा बक्षीस मिळेनासे झाले की डळमळतो. समोरच्या माणसाची किंमत वाटते म्हणून सांभाळलेला खरेपणा मात्र नफ्या-तोट्यावर अवलंबून राहत नाही.

जैन परंपरेने हे फार पूर्वी ओळखले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या सत्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटा लेख तयार करणे, म्हणजे कूटलेखक्रिया येते. दुसऱ्याचे मनोगत ओळखून ते फोडणे, म्हणजे साकारमंत्रभेदही येतो. न्यासापहाराचा टीकाकारांनी दिलेला अर्थ तर कोणत्याही दुकानदाराने अंतर्मुख व्हावे असा आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तेव्हा ‘बरोबर आहे’ म्हणून तेवढेच परत देणे हासुद्धा दोष होय. येथे दुकानदाराने नवी थाप रचलेली नाही. त्याने समोरच्याचे विसरणे फक्त आपल्या पदरात पाडून घेतले आहे.

जव्हार आणि मोखाड्याच्या बाजारात हा दोष पुस्तकातला राहत नाही. डोंगराळ, वरकस जमिनीवर नाचणी, वरी आणि थोडे भात पिकवणारी अनेक कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मीठ, तेल, तांदूळ आणि कपडा उधारीवर येतो. गिऱ्हाईक पुष्कळदा अक्षरशून्य असते. ‘शेठ, तुम्हीच लिहा,’ असे म्हणून ते निघून जाते. त्या तीन शब्दांत त्याने आपली वर्षाची कमाई दुकानदाराच्या लेखणीवर सोपवलेली असते.

या लेखणीचा इतिहास सर्वत्र उजळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत घेतलेल्या धान्याला खावटी म्हणत आणि ती वाढीव मापाने फेडावी लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस सावकाराच्या घरी लग्नगडी म्हणून राबे. कर्जाचा आकडा त्याला वाचता येत नसे आणि म्हणून तो कधी संपतही नसे. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणू भागात वारली उठले, ते या वेठीविरुद्धच. त्या लढ्यात अग्रभागी राहिलेल्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. वेठबिगारी देशभर कायद्याने संपवली गेली ती १९७६ मध्ये. नोबिताच्या वंशजांवरील कर्ज ही चित्रकथेतील गंमत आहे. येथे मात्र बापाच्या अंगठ्याखालचा आकडा मुलाने फेडल्याची उदाहरणे खरीखुरी घडली आहेत.

आज बहुतेक दुकानांत इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे आणि व्यवहार मोबाइलवरूनही होतो. तरी विश्वासाची जागा यंत्राने घेतलेली नाही. काट्यावरचा आकडा गिऱ्हाइकाकडे फिरवायचा की आपल्याकडे, हे शेवटी माणूसच ठरवतो. आणि तो ठरवत असताना गादीच्या कडेला बसून गृहपाठ करणारे मूल सारे पाहत असते. जियानच्या थापेने ज्याचे डोळे पाणावले, तेच मूल येथेही प्रेक्षक असते. उधारीचा आकडा चुकून कमी सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला वडील थांबवतात, आणि चुकून जास्त सांगणाऱ्याला थांबवतात की नाही, याची नोंद त्याच्या मनात होते. फोन वाजल्यावर ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ ही आज्ञा त्याला मिळाली, तर नोबितापासून खोटे शिकेल अशी काळजी करण्याचे कारणच उरत नाही. त्याचे शिक्षण घरीच सुरू झालेले असते.

म्हणून मालिका बंद करण्याआधी ती एकदा मुलांसोबत पाहिलेली बरी. उपदेश न करता एवढेच विचारावे की, यात कोणाचे खोटे तुला अधिक टोचले आणि का? उत्तर ऐकताना मुलांच्या न्यायबुद्धीचे आश्चर्य वाटेल. मग त्या बुद्धीला दुकानात थोडे काम द्यावे. सुटीच्या दिवशी उधारीची वही मुलाच्या हाती द्यावी आणि गिऱ्हाइकासमोर त्याच्याकडून त्याचे खाते मोठ्याने वाचून घ्यावे. तारीख, माल, वजन, भाव, जमा आणि बाकी, सारे सावकाश वाचावे आणि गिऱ्हाइकाने मान हलवेपर्यंत थांबावे. मान हलली नाही, तर जमा-नावे पुन्हा ताडून पाहावे.

साखरशेतच्या वाटेने घरी निघालेल्या माणसाला आपली बाकी किती आहे, हे स्वतःच्या कानांनी ऐकून जाता आले, तर त्या दुकानाशी त्याचे नाते नुसत्या उधारीचे राहत नाही. वही वाचणाऱ्या मुलालाही पुढे कधी पेढी सांभाळताना मैत्री आणि सचोटी यांच्या निरनिराळ्या व्याख्या पाठ कराव्या लागणार नाहीत.