फक्की कोण मारणार?

दसरा आटोपला की आमच्या घरी दोन गोष्टी न चुकता होतात. एक म्हणजे भिंतींना रंग द्यावा की नुसता चुना काढावा यावरचा वाद, आणि दुसरी म्हणजे या अंकाच्या संपादकांचा ‘सदराचे काय?’ असा फोन. यंदाचा वाद सौ.ने जिंकला. तेव्हा हे सदर मी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांशेजारी बसून लिहितो आहे. वाचकांना मधेच कुठे रंगाचा वास आला तर सांभाळून घ्यावे.

विषय मात्र साता समुद्रांपलीकडून आला. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. गेल्या वर्षाच्या अखेरीस त्याचा फोन आला, तो असा रडवेला, की आमच्या वहिनींनी ऐकला असता तर मिळेल ते विमान पकडले असते. “काका, आमचा कोच गेला!” मी म्हटले, “अरेरे! काय होत होते त्यांना?” तर गृहस्थांना काहीच होत नव्हते. ते दुसऱ्या कॉलेजात गेले होते. मोसम संपत आलेला, मोठे सामने तोंडावर, संघ एकामागून एक सामने जिंकतो आहे, आणि फूटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाने जास्त पगाराची जागा पत्करली. सारे गाव सुतकात.

तिकडचा फूटबॉल म्हणजे आपला नव्हे. त्यात पायाचे काम थोडे नि हाताखांद्यांचे फार. आपल्या हुतूतूची आठवण व्हावी. पण त्याचा थाट काय वर्णावा! लाखभर माणसे बसतील अशी मैदाने खुद्द कॉलेजांची आहेत, आणि कित्येक राज्यांत सरकारी नोकरांमधला सर्वांत मोठा पगार गव्हर्नराचा नसून कॉलेजच्या एखाद्या प्रशिक्षकाचा असतो. ही माहिती मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा संस्कृतच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

कोपऱ्यात आमचे क्रीडा-संचालक बसले होते. ते म्हणाले, “गेला त गेला. पण पोट्ट्यायले सांगून गेला का?”

पुतण्याला हे विचारायला हवे होते. मला सुचलेच नव्हते.

या क्रीडा-संचालकांची ओळख करून देतो. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात ते चौदा वर्षे कबड्डीचा संघ घडवीत आहेत. मुले बाळापूर, पातूर, अकोट या बाजूची. शेतमजुरांची, छोट्या शेतकऱ्यांची. पहाटे साडेपाचला गृहस्थ मैदानावर. हातात चुन्याच्या फक्कीचे घमेले, दोन खिळ्यांना सुतळी, आणि ती ताणून स्वतःच रेघा मारायच्या. शिपायाने मारलेली रेघ वाकडी जाते, असे त्यांचे म्हणणे. (ते खरेही आहे. आमचा शिपाई मनानेच सरळ आहे.) नावाला ते ‘संचालक’, पण त्यांच्या पदाला अजून मान्यता नाही, म्हणून चौदा वर्षे ठोक मानधनावर. मुलांना सामन्यांना नेतात, केळी-फुटाणे घेऊन देतात, आणि त्या प्रवासाचे तीन वर्षांचे बिल कचेरीतल्या एका खणात विश्रांती घेत होते. मी क्रीडा समितीचा सभासद. म्हणजे वर्षातून दोनदा सही करणारा.

जूनमध्ये त्यांना पुण्याच्या एका खाजगी क्रीडा प्रबोधिनीचे बोलावणे आले. पगार तिप्पट, राहायला जागा. कळवायची मुदत दिवाळीपर्यंत. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितले, “सर, तुम्ही मराठीचे. तुमच्या शब्दांत वजन आहे. त्यांना निष्ठेबद्दल दोन शब्द सांगा.”

मला वजन आहे असे कोणी म्हटले, की माझा तोल जातो. मी हो म्हटले.

संधीही चालून आली. विद्यापीठाच्या एका बैठकीसाठी आम्हा दोघांना अमरावतीला जायचे होते. त्यांची जुनी मारुती आणि २०२२ साली विक्रमी वेगाने डांबर टाकल्याबद्दल गिनेस बुकात गेलेला आमचा तो रस्ता. मी चांगली तयारी केली होती. मूर्तिजापूर येईतो मी एडी रॉबिन्सन सांगून संपवला.

हा माणूस सांगण्यासारखाच आहे. १९४१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्बलिंग गावच्या कृष्णवर्णीयांच्या एका लहानशा कॉलेजात तो फूटबॉलचा प्रशिक्षक झाला, आणि १९९७ मध्ये निवृत्त झाला तो तिथूनच. ४०८ सामने जिंकले. दोनशेहून अधिक मुले व्यावसायिक संघांत पोचवली. सुरुवातीला मैदानाचे गवत कापणे, रेघा आखणे हेही तोच करी. दक्षिणेकडच्या हॉटेलांत काळ्या माणसांना वाढत नसत, म्हणून प्रवासात मुलांसाठी सँडविचेही तोच करून नेई. मी हे रंगवून सांगितले; ‘रेघा’ या शब्दावर जरा अधिकच जोर दिला.

“मंग शेवटी काय केलं कालेजनं त्याचं?” त्यांनी विचारले.

आता आली पंचाईत. खोटे बोलावे तर मास्तरकी आड येते. शेवटच्या दोन-तीन मोसमांत संघ हरू लागला, तेव्हा ज्यांना त्याने नाव मिळवून दिले होते त्यांनाच तो जड झाला. त्याने जावे अशी कुजबुज सुरू झाली. बाहेर ओरड झाली तेव्हा कुठे आणखी एक मोसम पदरात पडला.

“हं,” एवढेच म्हणून त्यांनी एका ट्रकला मागे टाकले.

बैठक लवकर आटोपली. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात डोकावून जाऊ, असे मीच सुचवले. त्यांची बी. पी. एड. तिथली, आणि माझ्या लहानपणच्या चार उन्हाळ्यांची सुट्टी वडिलांनी तिथेच जमा केलेली. मल्लखांबावर मी एकदाच चढलो. उतरण्याचे काम इतरांनी केले. पण संध्याकाळच्या त्या मैदानाचा, तेल लावलेल्या लाकडाचा आणि घामाचा वास अजून नाकात आहे.

या संस्थेइतके दुसरे चांगले उदाहरण मला निष्ठेसाठी कुठे मिळणार होते? १९१४ साली अनंतराव व अंबादासपंत या वैद्य बंधूंनी एक आखाडा काढला. आखाडे तर गल्लोगल्ली होते. पण यांनी व्यायाम शिकवणारी माणसे तयार करायचे मनावर घेतले. उन्हाळी वर्ग काढले, गावोगावचे शिक्षक येऊन शिकून जाऊ लागले. हुतात्मा राजगुरूही काही काळ इथे होते. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीची ही तुकडी तिथे जाऊन मल्लखांब, लेझीम आणि आपली हुतूतू दाखवून आली. कुठे अंबानगरी आणि कुठे बर्लिन! पुढे १९६७ साली शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले. प्रभाकरराव वैद्यांनी सरचिटणीस म्हणून दशकानुदशके हा गाडा ओढला. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि इतके करून संस्थेला नाव घराण्याचे नाही, हनुमंताचे आहे.

हे सारे मी तिथल्या बाकावर बसून भरल्या गळ्याने सांगितले. समोर सात-आठ वर्षांची एक चिमुरडी दोरीच्या मल्लखांबावर सरसर चढत होती. क्रीडा-संचालकांचे डोळे तिच्यावर होते. म्हणाले, “टाच पाहा तिची, टाच. सुटत नाई.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “सर, वैद्य मंडळीचं येगळं आहे. त्यायनं सोताचं उभं केलं. मी दुसऱ्याच्या आंगनात फक्की मारतो.”

मी गप्प बसलो. निष्ठेवर बोलताना आपण मालकाची निष्ठा आणि चाकराची निष्ठा सरमिसळ करून टाकतो. जो लावतो त्याला झाडाची माया असणे साहजिकच. पण जो नुसता पाणी घालायला ठेवला आहे, त्याच्याकडूनही आपण तीच अपेक्षा करतो, आणि पगार मात्र पाणी घालण्याचाच देतो. तोही वेळेवर देऊ असे नाही.

परतताना बोलण्याची पाळी त्यांची होती. त्यांनी विषय काढला तो क्रिकेटचा. “चंद्रकांत पंडित आपले का परके?” मी म्हटले, “मुंबईचे.” “पण रणजी कोणं आणून दिली?”

हे नाकारता येत नाही. विदर्भ १९५७-५८ च्या मोसमापासून रणजीत खेळतो, आणि साठ वर्षे इतरांच्या टाळ्या वाजवीत होता. २०१७-१८ मध्ये पंडित प्रशिक्षक झाले आणि फैज फजलच्या संघाने इंदूरला दिल्लीला हरवले. लगोलग २०१८-१९ मध्ये नागपुरात सौराष्ट्राला. मग पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. आम्हांला वाईट वाटले. पण १९९८-९९ मध्ये त्याच मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना बंगळूरच्या अंतिम सामन्यात ते हरले होते, आणि २०२२ मध्ये त्याच बंगळुरात प्रशिक्षक म्हणून जिंकले, तेव्हा मैदानावर रडले. त्या रडण्याला बेइमानी कोण म्हणेल?

इकडे आमचेही अडले नाही. विदर्भाकडूनच खेळलेले उस्मान गनी प्रशिक्षक झाले. २०२३-२४ चा अंतिम सामना मुंबईशी हरलो, पण पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक घरी आला. त्या सामन्यात ८६ आणि १३५ धावा कोणाच्या? करुण नायरच्या, जो कर्नाटकातून आला आणि त्याच वर्षी कर्नाटकात परतही गेला. अमरावतीचा जितेश शर्मा त्याच सुमारास बडोद्याला गेला, तर आमच्या आळीत तीन दिवस पानठेल्यावर त्याचा उद्धार चालला होता. अकोल्याच्या अथर्व तायडेने असे काही करू नये म्हणून काहींनी नवसच बोलला असेल. नायर आला तेव्हा मात्र कर्नाटकातल्या पानठेल्यांची आम्हांला आठवण झाली नाही!

रात्री मला झोप लागली नाही. एक उदाहरण मी भाषणातून मुद्दाम गाळले होते. पेन्सिल्व्हेनियाच्या विद्यापीठात जो पॅटर्नो हा गृहस्थ १९६६ पासून २०११ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होता. छेचाळीस मोसम, एकच मैदान. निष्ठेचा पुतळाच, आणि खरोखर त्याचा पुतळा उभारलाही होता. पण त्याच्या एका जुन्या सहायकाने लहान मुलांवर अत्याचार केल्याचे उघडकीस आले. पॅटर्नोच्या कानांवर गोष्ट गेली होती. त्याने ती वरिष्ठांना सांगितली आणि तेवढ्यावर थांबला. पोलिसांकडे गेला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये विद्यापीठाने त्याला काढले, पुढल्या वर्षी पुतळाही हलवला. संस्था जपता जपता पोरांकडे पाहायचे राहून गेले. आमच्या क्रीडा-संचालकांनी स्टाफरूममध्ये विचारलेला प्रश्न मला पुन्हा आठवला.

सौ. जागीच होती. म्हणाली, “त्यांना थांबा म्हणून सांगायला निघालात. तुम्ही स्वतः पुण्याला का गेला नाहीत हो?”

बारा वर्षांपूर्वी मलाही तिकडून बोलावणे होते. सत्कार-बित्कारात मी सांगतो, की वऱ्हाडची माती सोडवेना. खरे सांगायचे तर आईचा दमा, तिकडची घरभाडी, आणि पुण्याच्या मुलांपुढे ‘ण’ आणि ‘न’ चुकेल ही धास्ती. शिवाय माझ्या पदाला मान्यता होती. महिन्याच्या महिन्याला पगार जमा होत असेल तर मातीवर प्रेम करणे फारसे कठीण जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना सांगितले, की निष्ठेबद्दल मला काही सांगता आले नाही, पण त्या प्रवासाच्या बिलाबद्दल सांगता येईल. ते म्हणाले, बघू. मी चार महिने बघत राहिलो. म्हणजे दर सोमवारी कचेरीत जाऊन त्या खणापाशी उभा राहत गेलो. हेडक्लार्क मला पाहून चष्मा पुसू लागले. कोजागिरीच्या आदल्या दिवशी बिल मंजूर झाले. पदाच्या मान्यतेचा प्रस्तावही पुन्हा पाठवला आहे. त्याचे काय होईल ते अर्जांच्या देवतेलाच ठाऊक.

मंजुरीचा कागद घेऊन मी काल पहाटे मैदानावर गेलो. आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर आले आहेत. धुके होते. पाच-सहा मुले अंग मोकळे करीत होती. क्रीडा-संचालकांनी कागद पाहिला, घडी केली, खिशात ठेवला. पुण्याला काय कळवले ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. एका मुलाला मात्र विचारले, “सरांनी तुम्हांला काही सांगितलं का रे?”

“हो सर,” तो म्हणाला. “जूनमधीच सांगतलं. पुण्याहून चिठ्ठी आली तवाच.”

“सर, सुतळी धरता का?” पलीकडून हाक आली. मी खिळा धरून बसलो. त्यांनी घमेले उचलले.

“ताणून धरा,” ते म्हणाले. “मराठीसारखी ढिली नका सोडू.”