मधले आकडे कोणीं पाहिले ?

जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीचा अभिमान महाराष्ट्रांतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला वाटावा हें योग्यच आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं, बाकीच्या तीन बाहूंवर पसरलेल्या. परस्परांतील अधिकांत अधिक अंतर सुमारें २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेचें हें फळ. परंतु त्या तबकड्यांवरून आलेल्या आकड्यांचें पुढें काय होतें, हें विचारण्याची आपल्याकडे चाल नाहीं. आकाशाचें सुबक चित्र छापून आलें कीं आपलें समाधान होतें. आम्हांला त्या सुबकपणाविषयींच तक्रार करावयाची आहे.

दुर्बीण इष्ट क्षेत्राकडे अखंड पाहात नाहीं. साधारण दर अर्ध्या-पाऊण तासानें ती एखाद्या ओळखीच्या तेजस्वी उगमाकडे वळवितात, आणि यंत्रानें व वातावरणानें तरंगाची कला, म्हणजे त्याच्या चढ-उताराची स्थिति, किती अंशांनीं सरकविली तें प्रत्येक तबकडीसाठीं ठरवितात. हें कॅलिब्रेशन. मधल्या वेळांत असें मापन झालेलेंच नसतें. संगणकाची आज्ञावली टोकांच्या आकड्यांवरून मधले आकडे भरते, तें इंटरपोलेशन. आणि आकडे फार उड्या मारूं लागले तर शेजाऱ्यांशीं सरासरी काढून त्या उड्या मोडते, तें स्मूदिंग.

अमेरिकेंतील राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेच्या ‘एप्स’ आणि ‘कासा’ या आज्ञावल्या या कामीं दूरदूर चालतात. खोडदचे आकडेही त्यांतून जातात. ‘कासा’ला कांहीं न सांगतां सोडलें, तर काळाच्या बाबतींत दोन बिंदु सरळ रेषेनें जोडण्याची रीत ती आपण होऊन धरते. ‘एप्स’मध्यें सरासरी किती काळाची घ्यावी हें वापरणारानें ठरवावयाचें असतें, आणि जेथें उत्तर निघालेंच नाहीं तेथें शेजारच्या आकड्यांवरून तें भरून देण्याचीही सोय आहे. सोय उत्तम आहे. आमचा रोष ती वापरल्याची एका ओळीनेंही नोंद न करणाऱ्या वृत्तीवर आहे.

गुळगुळीत तेंच खरें, या मताच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. तबकडीचें यंत्र सावकाश बदलतें, अल्प काळाच्या मापनांत गोंगाट शिरतो, तेव्हां पांच-दहा मापनांची सरासरी घेण्यांत शहाणपणच आहे. परंतु हा युक्तिवाद यंत्रापुरताच खरा. कमी कंपनसंख्येच्या तरंगांवर सत्ता चालते ती आयनांबराची. त्यानें केलेला कलेचा बदल कंपनसंख्येच्या व्यस्त प्रमाणांत असतो. ६०० मेगाहर्ट्झला जो २० अंशांचा, तोच १५० मेगाहर्ट्झला ८० अंशांचा. त्यांतून चुंबकीय विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस आयनांबराचा जो दाट पट्टा असतो, त्यापासून पुण्याचा प्रदेश फार दूर नाहीं, आणि तेथें सूर्यास्तानंतर पुष्कळदां खळबळ माजते. ही खळबळ सरासरींत बुडविली, तर खरोखर घडलेली गोष्टच पुसली जाते.

रोग्याच्या उशाशीं टांगलेल्या कागदावर रात्रीं दहाला १०१ आणि सकाळीं सहाला ९९ अशा ज्वराच्या दोनच नोंदी आहेत. पट्टी ठेवून रेघ ओढली तर मध्यरात्रीं ताप साडेशंभर येतो. कोणता डॉक्टर त्यावर औषध देईल ?

आणि तापमान निदान वर किंवा खालीं जातें. कला वर्तुळांत फिरते. ३५० अंश आणि १० अंश यांची भोळी सरासरी १८० येते, खरें उत्तर शून्य. चांगल्या आज्ञावल्या हा प्रमाद टाळतात; त्या जवळच्या वाटेनें जातात. पण दोन मापनांमध्यें कला खरोखरच २०० अंश पुढें गेली असेल तर ? जवळची वाट १६० अंश मागें जाण्याची. मध्यावर खरी कला १०० अंश पुढें, आज्ञावलीची ८० अंश मागें. फरक बरोबर १८० अंशांचा, म्हणजे त्या तबकडीचा तरंग नेमका उलटा. टोकांचे आकडे निर्दोष, रेषा सुबक, आणि मधला वेध खोटा ! चूक इतकी ढोबळ नसली तरीही, कला एक रेडियन, म्हणजे सुमारें ५७ अंश, इतकी हेलकावत राहिली तर सरासरींत उगमाचें तेज ६१ टक्केच उरतें.

‘पुढें सेल्फ-कॅलिब्रेशन सर्व निस्तरील’ असें उत्तर मिळतें. तेजस्वी उगम असेल तेथें तें निस्तरतें, हें खरें. पण तें आरंभींच्या चित्रालाच साक्षीदार करतें, आणि दुबळ्या क्षेत्रांत त्याला धरावयास कांहीं नसतें. इंटेमा व त्यांचे सहकारी यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलेली रीत पाहावी. अनेक उगमांच्या कला घेऊन ते आयनांबराचा एक पडदा कल्पितात, आणि त्यावरून मधल्या दिशांचे आकडे काढतात. हेंही इंटरपोलेशनच, मात्र त्यामागें कारणाची कल्पना आहे, आणि ती चुकली तर उरलेल्या फरकांवरून चूक ताडून पाहतां येते.

सरासरी किती मिनिटांची घेतली आणि किती जागा भरल्या हें छापावें; मूळ बिंदु गुळगुळीत रेषेखालीं तसेच दाखवावे; दोन मापनांमध्यें कला अर्ध्या फेऱ्याच्या आसपास सरकली असेल तर मधला वेध टाकून द्यावा. यानें रात्रभर जागून मिळविलेले कांहीं तास फुकट जातील, असें कोणी म्हणेल. जातील. ज्या तबकडीचें उत्तर मिळालेलेंच नाहीं तिचे वेध आपोआप बाद करण्याची रीत ‘कासा’त मुळांतच आहे, चित्र भरगच्च दिसावें म्हणून ती बंद करून ते वेध पुन्हां आंत घेणाऱ्यांनीं निदान तसें लिहावें.