हर्ट्झचा नॉब आमच्याही हातात द्या

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या. पण लेझर वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलला ‘नॉबला हात लावू नका’ हे काही पटत नाही. सगळ्यांच्या जर्नलमध्ये ५ हर्ट्झ. का? कुणालाच ठाऊक नाही!

५ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ पल्स, ५ ठिपके. पत्रा आपण हाताने सरकवतो. ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. हात सेकंदाला १ मिमी सरकला तर ठिपके ६० टक्के एकमेकांवर चढतात. घाईत अडीच मिमी सरकला की नुसते टेकतात, जोड गळका. मग हर्ट्झ वाढवायचे? १० ज्यूलच्या पल्सला ५ हर्ट्झवर ५० वॉट, २० वर २०० वॉट. पातळ पत्रा वाकलाच म्हणून समजा. म्हणजे आकडा ज्याच्या-त्याच्या हातावर ठरणार ना?

सर, दोन-चार पत्रे आम्हाला बिघडवू द्या. नाहीतरी ते भंगारातच जातात.