पांढरं डुक्कर आणि पत्र्याचं शेड

'वराहपालनातून लाखो कमवा' छापाचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. पांढरीशुभ्र डुकरीण, तिला लुचणारी दहा-बारा पिल्लं. तो पाहूनच मी कर्ज काढून लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या ४ माद्या आणि १ नर आणला. जातीत खोट नाही. खोट आहे ती विकताना अर्धंच सांगण्यात.

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. व्यालेल्या मादीला २० अंशांच्या आसपासची हवा मानवते, नवजात पिल्लांना मात्र ३२ अंशांची ऊब लागते. म्हणजे एकाच खोलीत दोन हवामानं. युरोपातल्या शेडमध्ये हे यंत्रं सांभाळतात. माझ्याकडे पत्रे, एप्रिल आणि भारनियमन होतं. गोरी कातडी उन्हाने भाजते, मादी धापा टाकते, खाणं सोडते, दूध आटतं. शिवाय कोब्यावरच्या पिल्लांना मातीतलं लोह मिळत नाही, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. मला हे ५ पिल्लं गेल्यावर कळलं. (पांढऱ्या डुकराचं पिल्लू पांढरं पडलंय हे नवख्याने ओळखायचं तरी कसं?)

मका, पेंड परवडत नाही, म्हणून हॉटेलचं उष्टं. ते उकळूनच द्यायचं, हे व्हिडिओत नसतं. २०२० मध्ये देशात पहिल्यांदा सापडलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर अशा उष्ट्यातल्या डुकराच्या मांसातूनही पसरतो, आणि त्यावर औषध नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के, कमाल ३० लाख अनुदान आहे. पण ते पन्नास-शंभर माद्यांच्या फार्मला. चारवाल्याने काय करायचं?

आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या डुक्कर कळतं, त्या कैकाडी समाजातलं कुणीही माझ्या प्रशिक्षणात शिकवायला नव्हतं. 'फँड्री' पाहिलाय ना? काळं डुक्कर म्हणजे घाण, ते पाळणारा म्हणजे जात. तेच पांढरं, इंग्रजी नावाचं, बँकेच्या कर्जावर आलं की 'उद्योजकता'! गोव्यातल्या अगोंदा गोवन या देशी जातीची राष्ट्रीय नोंद झाली आहे. देशी जनावर वाढतं हळू, पिल्लं देतं कमी, पण इथल्या हवेत तगतं. मग छोट्या शेतकऱ्याला आधी संकरित पिल्लू का देत नाही? शुद्ध यॉर्कशायरचा हट्ट कुणासाठी?

माझ्याकडे आता दोनच माद्या उरल्यात. एकीला गावाबाहेरच्या वस्तीवरच्या काळ्या नराकडे नेलं, तेव्हा तिथले काका म्हणाले, "भर उन्हात आणलीस व्हय? बांध सावलीला, दिवस कलल्यावर बघू."

११४ दिवसांपैकी ८० झालेत.