वीट सगळ्यांची, इमारत कुणाची?



मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे कपाटावर एक तीन मजली, कोपऱ्यावरची इमारत दिसत होती. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, लेगो कितीला पडलं?" खरं सांगतो, ते लेगो नाही, नक्कल आहे. आणि ती मी हौसेने नाही, दुकानात विकायला आणली होती.

कारंज्यात माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीच्या आधी नागपूरला इतवारीत माल भरायला गेलो, तेव्हा एका होलसेलवाल्याने हा डबा पुढे केला. खरेदी 1,450. "भाऊ, 2,800 ला डोळे मिटून जाते." बीबीए केलेल्या माणसाला मार्जिन काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. ओरिजिनल अशी इमारत घ्यायची तर कितीतरी महाग पडते. सहा डबे उचलले. 8,700 रुपये रोख.

माझा एक नियम आहे, तो मी ट्रेनिंगमध्येही सांगतो. नवीन प्रकारचा माल आधी घरी वापरून बघायचा, मग काउंटरवर ठेवायचा. म्हणून एक डबा फोडला. शटर खाली ओढल्यावर रोज तासभर, मी आणि माझा नऊ वर्षांचा भाचा. अकरा रात्री लागल्या.

आधी कौतुक करतो, कारण खोटं बोलायचं नाही. मजा आली. ही इमारत म्हणजे लेगोच्या 2007 सालच्या 'कॅफे कॉर्नर'ची नक्कल. मूळ सेट 2,056 तुकड्यांचा, जेमी बेरार्ड या डिझायनरने केलेला. हा माणूस आधी नुसता लेगोचा हौशी चाहता होता, मग कंपनीने त्यालाच नोकरीवर घेतलं. गंमत अशी की इमारतीच्या नक्षीसाठी त्याने बर्फावर घसरायच्या बाहुल्यांच्या पट्ट्या वापरल्या. वस्तू एका कामाची, लावली दुसऱ्याच कामाला. प्रत्येक मजला वेगळा उचलता येतो, आणि बाजूला दुसरी इमारत खुंट्यांनी जोडून अख्खी गल्ली उभी करता येते. म्हणून याला मॉड्युलर म्हणतात. खाली हॉटेल, वर खोल्या. भाचा म्हणाला, "मामा, हे तं आपल्या बाजारलाइनसारखंच हाये." बरोबर आहे त्याचं. खाली दुकान, वर घर, कोपऱ्याचं दार तिरपं म्हणजे दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक आत. कोपऱ्याच्या गाळ्याची पागडी जास्त का असते, हे पोराला न शिकवता समजलं.

आता दुसरी बाजू. काही विटा इतक्या घट्ट की दातांनी काढाव्या लागल्या, काही इतक्या सैल की मजला उचलला की भिंत हातात. एकाच भिंतीत पांढऱ्याच्या दोन छटा. सातव्या रात्री खिडकीवरची एक पांढरी पट्टी सापडेना. पिशव्या उलट्या केल्या, सतरंजी झटकली, नाही म्हणजे नाही. डब्यावर ना पत्ता, ना फोन नंबर. होलसेलवाल्याला फोन केला तर हसला. "एक तुकडा कमी असला तर काय होते भाऊ?"

तिथे मी थांबलो. कारण उद्या हाच फोन गिऱ्हाईक मला करणार, आणि माझ्याकडेही उत्तर हसण्याचंच असणार.

मग जरा मुळाशी गेलो, आणि आधीचे माझे दोन समज मोडले.

पहिला समज, की अशी वीट बनवणं म्हणजेच चोरी. तसं नाही. खुद्द लेगोने ही कल्पना इंग्लंडच्या हिलरी पेज याच्या 'किडीक्राफ्ट' विटांवरून घेतली. त्याच्या विटा 1947 च्या, लेगोच्या 1949 च्या. लेगोची स्वतःची भर म्हणजे विटेच्या पोटातल्या नळ्या, ज्यामुळे पकड पक्की झाली. त्याचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं. पेटंटची मुदत कधीच संपली. पुढे कंपनीने विटेचा आकारच ट्रेडमार्क म्हणून मागितला, तर युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नाही म्हटलं. आकार कामासाठी आहे, तो एकाच्या मालकीचा कायमचा होऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातही हेच तत्त्व आहे. म्हणजे उद्या वाशिमच्या एमआयडीसीत कुणी अशा विटांचं मशीन टाकलं, तर मी पहिला हार घालायला जाईन.

दुसरा समज, की वीट मोकळी म्हणजे इमारतही मोकळी. तेही नाही. चीनमध्ये 'लेपिन' नावाने लेगोच्या सेटच्या हुबेहूब नकला निघायच्या. एप्रिल 2019 मध्ये पोलिसांनी धाड घातली, आणि 2020 मध्ये शांघायच्या कोर्टाने प्रमुखाला सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआन दंड केला. गुन्हा वीट बनवल्याचा नव्हता. दुसऱ्याने डोकं लावून तयार केलेले सेट जसेच्या तसे उचलले, हा होता. माझ्या डब्यातली पुस्तिका उघडली तर पानापानावर तेच.

तुम्ही म्हणाल, लेगो एवढी मोठी कंपनी, तिचं काय बिघडतं आपल्या सहा डब्यांनी? मीही मनात हेच म्हणत होतो. पण जून 2025 आठवा. प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्या कारागिरांचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे किती तापलो होतो! कोल्हापुरीला 2019 पासून जीआय आहे, अशा पोस्ट मी स्वतः फॉरवर्ड केल्या. बोंब झाल्यावर प्राडाला मान्य करावं लागलं. मोठ्याने आपलं उचललं तर चोरी, आणि आपण मोठ्याचं उचललं तर धंदा? मला हा हिशोब जुळवता आला नाही.

आणि आता दुकानदाराच्या खऱ्या पोटदुखीकडे या. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. बीआयएस कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड आहे. माझ्या डब्यावर मार्क नाही, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात '14+' छापलंय. होलसेलवाला त्यालाच पळवाट समजतो, कारण नियम 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे. पण नियमात असंही आहे की फक्त मुलांसाठीच नसलं तरी मुलांनी खेळावं असं दिसत असेल, तर ते खेळणंच. आणि माझ्या काउंटरसमोर उभं राहून कोण मागतं? "भाऊ, पोराचा वाढदिवस हाये, नववं लागलं." त्या बापासमोर '14+' वर बोट ठेवून मी सुटणार आहे का? तुकडे तोंडात घालणारं धाकटं पोर त्याच घरात असतं.

आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसं अशा प्रत्येक विटेला लेगो म्हणतात. गिऱ्हाईक "लेगो द्या" म्हणालं आणि आपण गुपचूप हा डबा बांधून दिला, तर आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, तरी फसवणूक पूर्ण झाली. काउंटरवर सगळ्यात जास्त खोटं असं न बोलताच विकलं जातं.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. लेगोला जोडता येणाऱ्या, स्वतःच्या नावाच्या, स्वतःच्या डिझाइनच्या, आयएसआय मार्क असलेल्या विटा बिनधास्त ठेवा. गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा, "हे लेगो नाही, पण त्याला बसतं." अशा मालात मार्जिन कमी आहे, हे कबूल. मी आणला, दिवाळीत बरा गेला. पण दुसऱ्याच्या इमारतीचा फोटो छापलेला, बिनमार्कचा, बिनपत्त्याचा डबा ठेवू नका, मग तो कितीही डोळे मिटून जात असो.

उरलेले पाच डबे होलसेलवाला परत घेईना. बदलीत माल मागितला तरी नाही. 7,250 रुपये माळ्यावर पडून आहेत, आणि घरात त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी. "मग आधी बघून का नाही आणलं?" याला उत्तर नव्हतं. पुढच्या खेपेपासून एकच डबा सॅम्पल म्हणून आणतो.

बांधलेली इमारत मात्र मोडू दिली नाही भाच्याने. हरवलेल्या पट्टीच्या जागी त्याने जुन्या खेळण्यातली लाल पट्टी बसवली आहे, पुढचा व्हिडिओ नीट बघितलात तर दुसऱ्या मजल्यावर दिसेल. खाली पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली आहे, 'नक्कल आहे, विकायची नाही.' परवा एक जण ती वाचून म्हणाला, "मंग ठेवली काहून?" अर्धा तास बसवून सांगितलं त्याला. जाताना दोन रजिस्टर घेऊन गेला.