कावळ्याचे अंतर

दोन शहरांमधले हवाई अंतर आणि त्याला लागणारे तास छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाशी माझे या जन्मी जमणार नाही. मी बँकेतला कारकून. चेक भरला म्हणजे पैसे आले, असे समजणाऱ्या गिऱ्हाइकाला मी वीस वर्षे सांगतो आहे, ‘काका, अजून क्लिअरिंग व्हायचंय!’ विमानाची वेळ हा असाच नुसता भरलेला चेक असतो.

आमचे दादा न्यू जर्सीला असतात. न्यूयॉर्क ते मुंबई सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाने साधारण १५ तास. दर दिवाळीला ते धनजला फोन करून आईला ऐकवत, ‘आई, पंधरा तासांवर तर आहे मी!’ पुण्याच्या ताईला बसने यायला अख्खी रात्र लागते. तेव्हा आईच्या हिशेबाने अमेरिका म्हणजे पुण्याच्या जरा पलीकडे.

आता हे पंधरा तास कुठून कुठपर्यंत? धावपट्टी ते धावपट्टी! पण धावपट्टीवर कोणाचे बिऱ्हाड असते, साहेब? तीन तास आधीची हजेरी, पासपोर्टावरचे शिक्के, पट्ट्यावर न येणारी बॅग, नागपूरच्या विमानासाठी काढलेली रात्र, हे सगळे कोणाच्या खात्यात टाकायचे? समृद्धी महामार्गाशी माझे भांडण नाही. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पुरा झाला आणि आमच्या कारंजा तालुक्यातूनच जातो. त्याच एप्रिलात अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले, तेव्हा पेढे मीही खाल्ले. पण सुरुवातीला ते आठवड्यातून तीनच दिवस. म्हणजे माणसाने आजारी पडायचे तेही वार बघून!

आमच्या आईने वार बघितला नाही. ‘निघालोच,’ दादा फोनवर म्हणाले. आई तासातासाला विचारी, ‘इमानात बसला म्हणतं, मंग उतरत काहून नाही?’ मी आपला पंधरा तासांचा हिशेब सांगत राहिलो. दादा दारात उतरले तेव्हा त्यांना घर सोडून ४१ तास झाले होते. आईचे सगळे उरकून एक रात्र उलटली होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तिकिटावर वेळ छापायचीच तर दारापासून दारापर्यंतची छापा. ती जमत नसेल तर एस.टी.च्या कंडक्टरकडून शिका. ‘किती वेळ लागेल?’ विचारले की तो म्हणतो, ‘लागेल तेवढा.’ प्रवासाच्या धंद्यात इतका सत्यवचनी माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

सरळ हवाई अंतराला इंग्रजीत कावळ्याच्या उड्डाणाचे अंतर म्हणतात. आमच्याकडे कावळा दहाव्याला लागतो. पिंडासमोर दादा हात जोडून उभे होते. कावळा समोरच्या लिंबावर. हवाई अंतर फार तर वीस फूट.

त्याला यायला पाऊण तास लागला.